अंगठ्यावरची बँक: बँक मित्र, बीसी सखी आणि पोस्टमन, तिघांच्या सेवेचं परीक्षण

लाडक्या बहिणीचा हप्ता जमा झाल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या शाखेसमोर सकाळी आठलाच बायका बसलेल्या असतात. बँक उघडते दहाला. मोखाडा, जव्हार, धडगाव, धारणी, भामरागड अशा तालुक्यांत एकेका शाखेला डोंगरातले कितीतरी पाडे जोडलेले, त्यात निराधारचा पगार, पीएम किसान, रोजगार हमीची मजुरी, सगळं खात्यावरच येतं. खातं असणं हा आता प्रश्न राहिलेला नाही. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली आणि घरटी एक तरी पासबुक आलं. प्रश्न आहे तो त्या खात्यातले दीड हजार रुपये घरापर्यंत आणायचा.

त्यासाठी गावात जी सोय आहे तिला कागदोपत्री ‘आधार सक्षम पेमेंट सिस्टीम’ म्हणतात, यंत्रणा एनपीसीआयची, म्हणजे बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या राष्ट्रीय महामंडळाची. गावात कोणी हे नाव घेत नाही. ‘अंगठा लावून पैसे काढणं’ एवढंच. ही सेवा तीन हातांनी मिळते: किराणा, झेरॉक्स किंवा मोबाईलच्या दुकानात बसलेला बँक मित्र, म्हणजे बँकेचा गावातला प्रतिनिधी (इंग्रजीत बीसी), बचत गटातून तयार झालेली बीसी सखी, आणि पोस्टमन. यंत्र तिघांकडे जवळपास सारखंच असतं, अनुभव मात्र सारखा येत नाही. म्हणून या लेखात यंत्रापेक्षा व्यवहाराचं परीक्षण जास्त आहे.

आधी हिशेब. १,५०० रुपये काढायला तालुक्याला जायचं तर एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. पण ज्या पाड्यावर एसटीच येत नाही तिथे वडापशिवाय इलाज नाही. त्यात दिवस मोडतो. २०२५-२६ ला राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे तेवढी तर गेलीच. सर्व्हर बंद असला तर दुसरा दिवसही. गावातल्या केंद्रावर हेच काम पाच मिनिटांचं, आणि नियमाप्रमाणे फुकट. बँक मित्राने ग्राहकाकडून परस्पर पैसे घ्यायचे नसतात. शुल्क असेल तर ते बँक खात्यातून घेते आणि त्याचा दर जाहीर असतो. तरीही हजाराला दहा-वीस रुपये घेण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी रुळलेली आहे, आणि कोणी बोलत नाही, कारण वीस रुपये ३१२ पेक्षा स्वस्तच पडतात. ही तुलनाच चुकीची आहे. ज्या म्हातारीचा महिन्याचा आधार १,५०० रुपये आहे तिच्याकडून वर्षाला १८० ते ३६० रुपये जातात, आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही.

आता व्यवहार कसा होतो ते जवळून बघू. टेबलावर काड्यापेटीपेक्षा जरा मोठं यंत्र, वर काचेची छोटी खिडकी, वायरीने मोबाईलला किंवा लॅपटॉपला जोडलेलं. केंद्रचालक आधार नंबर टाकतो, यादीतून तुमची बँक निवडतो, काम निवडतो (पैसे काढणं, शिल्लक बघणं किंवा मिनी स्टेटमेंट), रक्कम टाकतो, मग काच उजळते आणि बोट ठेवायचं. बोटाची नोंद आधारच्या यंत्रणेकडे जाते, तिथून होकार आला की तुमच्या बँकेकडे, बँकेने शिल्लक तपासून रक्कम वजा केली की पडद्यावर यशस्वी असा शब्द येतो. पावती छापली जाते. मग नोटा. एका वेळी जास्तीत जास्त १०,००० रुपये. दिवसाची मर्यादा प्रत्येक बँकेची वेगळी.

या सगळ्यात ग्राहक फक्त बोट ठेवतो. काम कोणतं निवडलं, रक्कम किती टाकली हे पडद्यावर असतं, आणि पडदा चालकाकडे तोंड करून असतो. एटीएममध्ये आकडा आपण दाबतो. इथे आपल्यासाठी दुसरा माणूस दाबतो. या सेवेचा सगळा चांगुलपणा आणि सगळा धोका या एका गोष्टीत आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला या यंत्राने बँकेपर्यंत पोचवलं, हे खरंच मोठं काम आहे. पण त्याच माणसाला स्वतःचा व्यवहार तपासायची सोय यंत्राने दिली नाही. काही ॲप रक्कम मोठ्याने बोलून दाखवतात, पावतीसुद्धा मिळते. पण आवाज बंद ठेवला आणि ‘रोल संपलाय’ म्हटलं की दोन्ही संपलं.

फसवणूक कशी होते ते स्पष्ट सांगायला हवं. पहिला प्रकार: ‘आजी, शिल्लक बघतो’ म्हणून बोट घ्यायचं आणि पैसे काढण्याचा व्यवहार करायचा. दुसरा आणि जास्त चालणारा: पहिल्या अंगठ्याला व्यवहार झालेला असतो, चालक म्हणतो ‘सर्व्हर डाऊन आहे, परत ठेवा’. दुसऱ्या अंगठ्याचे पैसे हातात येतात, पहिल्याचे त्याच्याकडे राहतात. तिसरा: आज अंगठा घ्यायचा, ‘रोकड नाही, उद्या या’. मोबाईलवर मेसेज येतो, पण खात्याला नंबर कोणाचा लावलाय? पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचा, बंद पडलेल्या सिमचा, कधी कधी तर खातं उघडून देणाऱ्या चालकाचाच. त्यामुळे बँकेत जाऊन आधी एक काम करावं: खात्याला घरातल्या, हाताशी असणाऱ्या माणसाचा नंबर लावून घ्यावा. अंगठ्याची सेवा वापरण्याआधीची ही पहिली अट समजावी.

‘उद्या या’ यामागे दर वेळी खोट असतेच असं नाही, आणि ते समजून घेतलं की खरा चालक आणि लबाड चालक ओळखता येतो. तुम्ही काढता ते पैसे बँकेच्या तिजोरीतून येत नाहीत. चालक स्वतःच्या गल्ल्यातली रोकड तुम्हाला देतो आणि तेवढी रक्कम त्याच्या खात्यात जमा होते. हप्त्याच्या दिवशी तीस बायकांनी दीड-दीड हजार काढले की ४५,००० ची रोकड गल्ल्यातून गेली. पैसे त्याच्या खात्यात आहेत, पण नोटा आणायला त्यालाच तालुक्याला जायला हवं. म्हणून दुपारपर्यंत रोकड संपते. प्रामाणिक चालक अशा वेळी अंगठाच घेत नाही, नाव लिहून घेतो आणि दुसऱ्या दिवशी बोलावतो. ज्या दिवशी नोटा हातात, त्याच दिवशी अंगठा. याला अपवाद करू नये, चालक कितीही ओळखीचा असला तरी.

कमिशनची गोष्टही माहीत असावी. दुसऱ्या बँकेच्या खात्यातून पैसे काढले की तुमची बँक केंद्राच्या बँकेला रकमेच्या अर्धा टक्का देते, कमाल १५ रुपये. त्यातला वाटा बँकेसाठी केंद्रं चालवणाऱ्या कंपनीतून खाली उतरत चालकापर्यंत येतो. अर्ध्या टक्क्याने १५ रुपये ३,००० ला पूर्ण होतात. त्यापुढे रक्कम कितीही वाढली तरी मोबदला तेवढाच. म्हणून १०,००० मागितले की काही चालक तीन-तीन हजारांचे तीन आणि हजाराचा एक असे चार अंगठे घेतात: १५ ऐवजी ५० रुपये. ग्राहकाला वाटतं यंत्राची मर्यादा असेल. पण साध्या बचत खात्यावर, म्हणजे जनधनसारख्या शून्य शिलकीच्या खात्यावर, बँकेने महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं फुकट ठेवायचं असतं, त्यापुढे काही बँका शुल्क लावतात. एका बैठकीत चारही संपले. पुढच्या आठवड्यात औषधाला पाचशे काढले की शुल्क कट. ‘खात्यातून वीस-पंचवीस रुपये आपोआप जातात’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे अनेकदा हे असतं. एका कामाला एकच अंगठा, असं आधीच सांगावं.

हेही तितकंच खरं की एवढ्याशा कमिशनवर दुकानाचं भाडं, नेट, कागदाचा रोल आणि तालुक्याच्या फेऱ्या भागत नाहीत. चालकाला नीट मोबदला मिळाला असता तर वीस रुपयांची वसुली निम्म्याने तरी कमी झाली असती. बँका शाखा उघडण्याचा खर्च वाचवतात आणि त्या बचतीतलं फारसं काही गावातल्या खुर्चीपर्यंत पोचत नाही.

बोट जुळत नाही, ही सगळ्यात मोठी अडचण. ऊसतोड, वीटभट्टी, सिमेंटचं काम, मासळी साफ करणं, काजू फोडणं, या कामांत बोटांच्या रेषा घासल्या जातात; काजूच्या टरफलाच्या तेलाने तर कातडी सोलवटते. वय झालं की त्वचा कोरडी पडते. यंत्र रेषांचा फोटो घेतं, रेषा तुटक दिसल्या की नाकारतं. यावर उपाय साधे आहेत, पण केंद्रावर क्वचितच सांगितले जातात. अंगठाच लागतो असं नाही. आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात आणि कोणतंही चालतं. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डाव्या हाताची अनामिका किंवा मधलं बोट ठेवून बघावं, ते कमी झिजलेलं असतं. हात साबणाने धुवून पूर्ण पुसावेत. कोरडं बोट असेल तर तोंडाची वाफ सोडावी किंवा कणभर व्हॅसलीन चोळून पुसून टाकावं. ओलं बोट ठेवलं तर रेषा एकमेकींत मिसळतात आणि काम बिघडतं. जोरात दाबू नये, दाबलं की रेषा सपाट होतात. काचेवर ऊन येत असेल तर यंत्र सावलीत घ्यायला सांगावं, काच मऊ फडक्याने पुसायला सांगावी. एवढं करूनही दोन-तीन बोटं नाकारली गेली तर आधार केंद्रात जाऊन बोटांची नोंद नवी करावी. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय काही बँकांच्या केंद्रांवर आली आहे, ती आहे का हे विचारून घ्यावं.

प्रत्येक वेळी चालक ‘सर्व्हर’ म्हणतो, पण पडद्यावर किंवा पावतीवर नेमका आकडा आलेला असतो. तो विचारावा. ३०० म्हणजे बोट जुळलं नाही. ३३० म्हणजे आधारचं बायोमेट्रिक लॉक आहे, बोटाचा वापर बंद करून ठेवलेला आहे. ९९७ आला तर आधारच निष्क्रिय झालेलं असतं, केंद्रावर कितीही बोटं ठेवून उपयोग नाही. बँकेच्या बाजूने ५१ म्हणजे शिल्लक कमी, ६१ म्हणजे मर्यादा ओलांडली, ९१ म्हणजे तुमच्या बँकेची यंत्रणा बंद. खऱ्या अर्थाने ‘सर्व्हर’ तो हा एकच. ९१ आला तर तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी यावं, लागोपाठ बोटं ठेवत बसू नये.

पैसे कट झाले आणि मिळाले नाहीत, असं नेट तुटल्यामुळे खरोखर होतं. तुमच्या बँकेने रक्कम वजा केली, पण होकार केंद्रापर्यंत पोचला नाही. अशा वेळी घाबरू नये आणि चालकाशी भांडूही नये. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत रक्कम परत जमा व्हायला हवी. उशीर झाला तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती मागितल्याशिवाय मिळायला हवी. प्रत्यक्षात मागावी लागते. मागण्यासाठी लागतो पावतीवरचा बारा आकडी आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ नंबर. तो हातात असेल तर शाखेतला कारकून व्यवहार दोन मिनिटांत शोधतो. नसेल तर ‘पाच दिवस थांबा’ एवढंच उत्तर मिळतं. चालकाने ‘फसला’ म्हणून सांगितलेला व्यवहार खरोखर फसला होता का, तेही यावरूनच कळतं: खऱ्या फसलेल्या व्यवहाराचे पैसे परत येतात, चालकाने खिशात घातलेल्याचे येत नाहीत, कारण यंत्रणेच्या दृष्टीने तो व्यवहार यशस्वी असतो.

पावती थर्मल कागदाची असते. चुलीजवळच्या डब्यात ठेवली तर काही दिवसांतच काळी पडते, नुसती ठेवली तरी काही महिन्यांत अक्षरं उडतात. त्यामुळे पावती मिळाली की तारीख, रक्कम आणि बारा आकडे बॉलपेनने पासबुकच्या मागच्या पानावर लिहून घ्यावेत. शाळेत जाणारी पोरं हे काम छान करतात. जे केंद्र न मागता पावती देतं ते चांगलं केंद्र. बाकी गुण नंतर मोजावेत. ‘पावती नाही’ म्हणणाऱ्या केंद्रावर लगेच पाच मिनिटांनी मिनी स्टेटमेंट काढून मागावं. त्यात शेवटचे व्यवहार दिसतात, आणि एकाऐवजी दोन वजावटी दिसल्या तर तिथल्या तिथे बोलता येतं.

बीसी सखीबद्दल. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटातल्या बायकांना प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन बँक मित्र केलं जातं. यंत्र तेच, मर्यादा तीच, रोकडीची अडचण तर थोडी जास्तच, कारण दुकानाचा गल्ला पाठीशी नसतो. तरीही बायकांसाठी हा पर्याय आम्ही वरचा मानतो. एक तर ती घरी येते किंवा गटाच्या बैठकीत यंत्र घेऊन बसते. दुसरं, नवऱ्याला किंवा सासऱ्याला न कळता शिल्लक विचारता येते. दुकानात चार पुरुष उभे असताना ते जमत नाही. तिसरं, गटाच्या खात्याचे व्यवहारही तिच्याकडे होऊ शकतात, त्यासाठी ठरलेल्या पदाधिकाऱ्यांपैकी दोघींची बोटं लागतात. एकीच्या बोटावर गटाचे पैसे निघत नाहीत, ही चांगली व्यवस्था आहे. सखीकडे आदल्या दिवशी निरोप दिला तर ती रोकड आणून ठेवते. पाच-सात हजारांच्या पुढचं काम असेल तर निरोप द्यावाच.

पोस्टमनची सेवा म्हाताऱ्या आणि अंथरुणावरच्या माणसांसाठी तिघांत उत्तम. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. तिच्यात खातं नसलं तरी चालतं, खातं कोणत्याही बँकेत असो, आधारला जोडलेलं असलं की पोस्टमन किंवा ग्रामीण डाकसेवक दारात येऊन अंगठ्यावर पैसे देतो. घरपोच सेवेचा दर २० रुपये अधिक जीएसटी असा जाहीर आहे. पोस्टात जाऊन काम केलं तर घरपोचचे पैसे लागत नाहीत. इथे दर जाहीर आहे हाच मोठा फरक. माणूस सरकारी खात्याचा, रोज त्याच रस्त्याने येणारा, गावाला तोंड दाखवायचं असलेला. उणी बाजू अशी की शाखा डाकघरात ठेवायच्या रोकडीला मर्यादा असते, त्यामुळे आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि हप्त्याच्या आठवड्यात टपालाच्या कामावर ताण येतो. पेन्शनरांचा हयातीचा डिजिटल दाखलाही तो घरी बसून काढून देतो, त्यासाठी नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहायची गरज नाही.

याच बँकेत खातं उघडावं का? लहान व्यवहारांना ठीक, पण तीन गोष्टी माहीत असाव्यात. ही पेमेंट्स बँक आहे, दिवसअखेर शिल्लक २ लाखांच्या वर ठेवता येत नाही. ती स्वतः कर्ज देत नाही. आणि तिच्या खात्यातून दुसऱ्या केंद्रावर अंगठ्याने व्यवहार केले तर महिन्याला पहिले तीन फुकट, पुढे पैसे काढण्याला २० रुपये अधिक जीएसटी, असा जून २०२२ पासूनचा दर आहे. पीककर्ज किंवा गटाचं कर्ज घ्यायचं असेल तर राष्ट्रीयीकृत किंवा ग्रामीण बँकेतलं खातं चालू ठेवावंच.

नवं खातं उघडताना एक गोष्ट नीट न कळल्यामुळे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आधार बँकेला जोडणं वेगळं आणि सरकारी पैशासाठी सीडिंग करणं वेगळं. आधार पाच बँकांना जोडता येतं, आणि त्या पाचही खात्यांतून अंगठ्याने पैसे निघतात. पण एनपीसीआयच्या नोंदीत आधारसमोर एकाच बँकेचं नाव असतं, आणि योजनेचे पैसे तिथेच जातात. शेवटी जिथे संमती दिली ते नाव वर येतं. मोबाईलच्या दुकानात सिम घेताना किंवा एखाद्या शिबिरात ‘इथे अंगठा ठेवा’ म्हणून नवं खातं उघडलं गेलं आणि संमतीही घेतली गेली, की पुढचा हप्ता त्या खात्यात. बाई जुन्या पासबुकात बघते, तिथे काही नाही, आणि वाटतं योजना बंद झाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे पहिले हप्ते आले तेव्हा ही गुंतागुंत गावोगाव दिसली. नाव कोणत्या बँकेचं आहे हे साध्या फोनवरून *९९*९९*१# लावून बघता येतं, आधारच्या संकेतस्थळावरही दिसतं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून पोच घ्यावी आणि काही दिवसांनी पुन्हा तपासावं. एकाच बँकेत दोन खाती असतील तर अंगठ्याने निघणारे पैसे मुख्य म्हणून नोंदलेल्या खात्यातून जातात, हेही विचारून ठेवावं.

पैसे भरण्याच्या बाबतीत ही सेवा कमी पडते. काढणं कोणत्याही बँकेतून, पण भरणं बहुतेक ठिकाणी केंद्र ज्या बँकेचं त्याच बँकेच्या खात्यात. कापूस किंवा मोहफुलं विकून आलेले चार-पाच हजार सुरक्षित ठेवायचे तर ते गावात भरता यायला हवेत, तेव्हाच तिला घराची बँक म्हणता येईल. आजघडीला ती मुख्यतः सरकारी पैसे बाहेर काढायची नळी आहे. म्हणून गावात दोन-तीन केंद्रं असतील तर आपलं खातं ज्या बँकेचं, त्याच बँकेचं केंद्र निवडावं. काढणं, भरणं, विम्याचा फॉर्म, केवायसी, सगळं तिथे होतं. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देतो, जीवनज्योती ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा. हप्ता मे अखेरीस खात्यातून कट होतो, त्यामुळे मेमध्ये सगळी शिल्लक काढून टाकू नये. ४५६ रुपये ठेवावेत.

रुपे कार्ड मिळालं असेल तर ते पेटीत ठेवू नये. मायक्रो एटीएम असलेल्या केंद्रावर कार्ड आणि पिनने पैसे निघतात, बोट जुळत नसलेल्यांसाठी हा पहिला पर्याय आहे, आणि पिन आपण स्वतः दाबतो. जनधनच्या कार्डावर अपघात विमा आहे: २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या खात्याला २ लाख, आधीच्याला १ लाख. पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं असावं लागतं. तीन महिन्यांतून एकदा शंभर रुपये कार्डाने काढले तरी काम भागतं. पिन मात्र चालकाला सांगू नये, कार्डाच्या पाकिटावर लिहूही नये.

सत्तरीच्या पुढच्या आणि अपंग ग्राहकांना घरी सेवा देण्याची सोय बँकेनेच करावी, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगितलेलं आहे. शाखेत हे विचारणारे फार थोडे. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी.

केवायसी राहिली म्हणून खातं अडकणं ही अलीकडची मोठी तक्रार. पत्ता आणि माहिती बदललेली नसेल तर तसं साधं स्वयंघोषणापत्र पुरतं, आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर ते बँक मित्रामार्फतही देता येतं. शाखेत ‘पुन्हा सगळी कागदपत्रं आणा’ म्हटलं तर बदल नसल्याचं घोषणापत्र देतो, असं सांगावं. दोन वर्षं ग्राहकाने स्वतः व्यवहार न केलेलं खातं निष्क्रिय होतं. ते पुन्हा सुरू करायला शुल्क नाही.

आता चोरीचा बंदोबस्त. महिन्यातून एकदाच अंगठा लागत असेल तर उरलेले दिवस बायोमेट्रिक लॉक ठेवावं. आधारच्या अधिकृत ॲपमधून ते होतं, आधारला जोडलेला मोबाईल हाताशी हवा. पैसे काढायच्या दिवशी तात्पुरतं उघडावं. रेशन दुकानातही अंगठा लागतो, त्यामुळे रेशनच्या दिवशीही उघडावं लागेल. नाहीतर तिथे ३३० येतो आणि दुकानदार धान्य देत नाही. न केलेला व्यवहार दिसला तर लगेच १९३० वर फोन आणि बँकेला लेखी कळवणं, दोन्ही. चूक ग्राहकाची नसेल आणि कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार झाली तर ग्राहकावर बोजा शून्य. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याला तोटा जास्तीत जास्त ५,००० रुपयांचा. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे, ग्राहकाची नाही.

शाखेत ‘तो बँक मित्र कंपनीचा, आमचा नाही’ असं उत्तर मिळालं तर ते मानू नये. बँक मित्राच्या कृतीला बँक पूर्ण जबाबदार असते. १ जानेवारी २०२६ पासून केंद्रचालकाची पडताळणी करणं आणि तीन महिने बंद पडलेल्या केंद्राची केवायसी पुन्हा केल्याशिवाय ते सुरू न करणं, हेही बँकेवर बंधनकारक झालं आहे. तक्रार करताना तीन गोष्टी लिहाव्यात: केंद्राचं नाव किंवा पावतीवरचा टर्मिनल नंबर, तारीख आणि वेळ, आणि आरआरएन. दोन प्रती, एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो. शिक्क्याची ती प्रत तिथे जोडावी लागते, म्हणून ती पासबुकातच घडी करून ठेवावी.